एक खोली जास्तीची: ब्रिटनमधली घरभाडे-मदतीची कपात आणि ती रद्द करण्याची वचनं

१ एप्रिल २०१३, ईस्टरचा सोमवार. सकाळी बीबीसीच्या रेडिओवर ब्रिटनचे तेव्हाचे कामगार आणि निवृत्तिवेतन खात्याचे मंत्री इयन डंकन स्मिथ बोलत होते. बाजारात गाळा लावणाऱ्या एका माणसानं आधी सांगितलं होतं, की सगळा खर्च भागवून त्याच्या हातात आठवड्याला ५३ पौंड उरतात. मंत्र्यांना विचारलं गेलं, तुम्ही राहाल का एवढ्यात? "तशी वेळ आली तर राहीन," मंत्री म्हणाले. मग काय, "राहूनच दाखवा" अशी मागणी करणारा अर्ज इंटरनेटवर फिरायला लागला आणि थोड्याच दिवसांत त्यावर चार लाखांहून जास्त सह्या पडल्या.

मंत्री काही ५३ पौंडांत राहिले नाहीत. पण त्याच दिवसापासून जो नियम लागू झाला, त्यानं लाखो भाडेकरूंचा आठवड्याचा हिशेब बदलला. सरकारी भाषेत तो "जास्तीच्या खोलीचं अनुदान काढून घेणं" होता. लोकांच्या तोंडी मात्र एकच नाव बसलं: बेडरूम टॅक्स. गरिबांच्या घरभाड्यावरून सरकार, विरोधक, कोर्टं आणि कौन्सिलं, म्हणजे तिथल्या पालिका, यांच्यात झालेली ही ओढाताण एक प्रकरण म्हणून नीट उलगडून पाहण्यासारखी आहे. कपात करणारे आणि ती रद्द करू म्हणणारे, दोघांचेही शब्द नोंदलेले आहेत आणि पुढे काय झालं तेही.

नियम नेमका काय होता

ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या माणसाला भाडं भरायला सरकार मदत करतं, तिला तेव्हा हाउसिंग बेनिफिट म्हणायचे. ती फक्त बेकारांना मिळते असं नाही. तुटपुंज्या पगारावर काम करणारे, आजारी, अपंग, म्हातारे, सगळे त्यात येतात. भाडेकरू दोन प्रकारचे असतात. काही खाजगी घरमालकाकडे राहतात, तर काही कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे नफा न कमावता घरं भाड्यानं देणाऱ्या संस्थेच्या, घरात. या दुसऱ्या प्रकारच्या घरांचं भाडं बाजारभावापेक्षा कमी असतं आणि घर एकदा मिळालं की माणूस बहुतेक तिथंच म्हातारा होतो. मुलं मोठी होतात, बाहेर पडतात, आणि मागे खोल्या उरतात.

या उरलेल्या खोल्यांवरच सरकारनं बोट ठेवलं. २०१२ च्या वेल्फेअर रिफॉर्म कायद्यानं ठरवलं, की कामाच्या वयातल्या भाडेकरूकडे गरजेपेक्षा एक झोपायची खोली जास्त असेल तर ज्या भाड्यावर मदत मिळते त्यातून १४ टक्के कापायचे, आणि दोन किंवा जास्त असतील तर २५ टक्के. गरज किती, तेही ठरवून दिलं. जोडप्याला एक खोली. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला एक. सोळाच्या खालच्या दोन मुलांना किंवा दोन मुलींना मिळून एक. दहाच्या खालचे भाऊ-बहीण असतील तर त्यांनाही एकच. याहून जास्त भरेल ती "जास्तीची".

हे वाचताना परळच्या किंवा गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हसू येईल. दहा बाय बाराच्या खोलीत सात जणं झोपायची, आणि तिकडे सोळा वर्षांच्या पोराच्या खोलीवरून संसदेत भांडण? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण इथं कुणी नवी खोली मागत नव्हतं. घर कौन्सिलनंच दिलेलं, कुटुंब बघून, खोल्या मोजून दिलेलं. माणूस होता तिथंच राहिला आणि नियम त्याच्या पायाखालून सरकला.

आकडे मांडून बघू. समजा हल शहरात पन्नाशी उलटलेला एकटा माणूस आहे. नोकरी सुटली आहे, मुलं बाहेर पडली आहेत, घर तीन बेडरूमचं आणि भाडं आठवड्याला ८० पौंड. दोन खोल्या जास्तीच्या ठरल्या, म्हणजे २५ टक्के, म्हणजे २० पौंड. बेकार भत्ता त्या वर्षी एकट्या माणसाला आठवड्याला ७१ पौंड ७० पेन्स होता. भाड्यातली तूट त्यातूनच भरायची म्हटल्यावर उरले ५१ पौंड ७० पेन्स. वीज, गॅस, पाणी, बस, भाजी-ब्रेड सगळं त्यात. मंत्र्यांच्या त्या ५३ पौंडांच्याही खाली.

सरकारचा स्वतःचा अंदाज होता, की सुमारे ६ लाख ६० हजार घरांना हा फटका बसेल, सरासरी आठवड्याला १४ पौंड, आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश घरांत कुणीतरी अपंग असेल. बचतीचा अंदाज वर्षाला सुमारे ४८ कोटी पौंड. हाउसिंग बेनिफिटवर तेव्हा वर्षाला २४ अब्जांच्या आसपास खर्च व्हायचा, म्हणजे ही बचत एकूण खर्चाच्या दोन टक्के.

पेन्शनरांना मात्र सूट होती. वास्तविक मुलं निघून गेल्यावर रिकाम्या राहिलेल्या खोल्या म्हाताऱ्यांच्याच घरांत जास्त. खोल्या मोकळ्या करणं हाच खरा हेतू असता तर सुरुवात तिथून झाली असती. पण म्हातारी माणसं न चुकता मतदानाला जातात, हे हुजूर पक्षाला काय कुणालाच सांगावं लागत नाही.

याआधी काय घडलं होतं

कपात २०१३ साली आकाशातून पडली नाही. मे २०१० मध्ये डेव्हिड कॅमरन यांचा हुजूर पक्ष आणि निक क्लेग यांचे लिबरल डेमोक्रॅट यांचं संयुक्त सरकार आलं. जूनमध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी तातडीचा अर्थसंकल्प मांडला. त्यात ते म्हणाले, हाउसिंग बेनिफिटचा खर्च दहा वर्षांत १४ अब्जांवरून २१ अब्ज पौंडांवर गेला आहे आणि काही कुटुंबांना वर्षाला १ लाख ४ हजार पौंड मिळतात. अशी कुटुंबं देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, तीही लंडनच्या महागड्या भागांत. पण तो आकडा लोकांच्या डोक्यात बसला. पुढची सगळी चर्चा त्या एका आकड्याच्या सावलीत झाली.

आधी खाजगी भाडेकरूंच्या मदतीवर मर्यादा आली: एका बेडरूमला आठवड्याला जास्तीत जास्त २५० पौंड, चार बेडरूमला ४००. ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनचे महापौर बोरिस जॉन्सन, स्वतः हुजूर पक्षाचे, रेडिओवर बोलून गेले, की लंडनमध्ये "कोसोव्होसारखी" गरिबांची साफसफाई आम्ही होऊ देणार नाही. पक्षानं कान उपटल्यावर त्यांनी सारवासारव केली. मर्यादा मात्र ठरल्याप्रमाणे आली.

आता यातला मजूर पक्षाला अडचणीत आणणारा भाग. खाजगी भाडेकरूंसाठी खोल्या मोजून मदत देण्याची पद्धत २००८ साली मजूर पक्षाच्याच सरकारनं देशभर लागू केली होती. म्हणून कॅमरन प्रत्येक प्रश्नोत्तरात तोच मुद्दा काढायचे: खाजगी भाडेकरूला जास्तीच्या खोलीचे पैसे मिळत नाहीत, मग कौन्सिलच्या भाडेकरूला का? वरवर पाहता बिनतोड. फरक एवढाच, की २००८ चा नियम नव्या अर्जदारांसाठी होता. ज्याला आधीपासून मदत मिळत होती, त्याच्या घरात कुणी शिरून खोल्या मोजल्या नाहीत. २०१३ चा नियम जुन्या, बसलेल्या संसारांना लागला. मजूर पक्षाच्या नेत्यांना हा फरक समजावून सांगायला पाच मिनिटं लागायची, कॅमरन यांचं वाक्य दहा सेकंदांत संपायचं.

नावावरून लढाई

"बेडरूम टॅक्स" या नावाचं श्रेय बहुतेक वेळा लॉर्ड बेस्ट यांना दिलं जातं. ते कुठल्याच पक्षाचे नाहीत, हयात घरबांधणीच्या कामात गेलेली. सरकार वैतागून सांगायचं, अहो, हा टॅक्स नाही, टॅक्स आपण भरतो, इथं तर सरकार द्यायचं ते कमी देतंय. व्याकरणाच्या दृष्टीनं सरकारचं बरोबर होतं. पण "टॅक्स" या शब्दाला तिथं एक जुनी जखम आहे. १९९० साली मार्गारेट थॅचर यांच्या पोल टॅक्सवरून, म्हणजे माणशी सारख्याच करावरून, लंडनमध्ये दंगल झाली होती आणि त्याच वर्षी त्यांची खुर्ची गेली. त्याहून मागे गेलं तर १६९६ साली इंग्लंडात खिडक्यांवर कर बसवला होता. तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, आणि कर १८५१ पर्यंत टिकला. खोल्यांवर पैसे लावायचे म्हटल्यावर इंग्रज माणसाला काय आठवणार, हे सरकारच्या लक्षात यायला हवं होतं.

नावाच्या भांडणात एक खरी गोष्ट मात्र मागे पडली. कायदा अजून विधेयक होता तेव्हा, डिसेंबर २०११ मध्ये, संसदेच्या वरच्या म्हणजे लॉर्ड्स सभागृहानं सरकारला हरवून एक साधी दुरुस्ती घातली होती. ज्याच्याकडे एकच खोली जास्त आहे आणि ज्याला दुसरं योग्य घर देऊ केलेलं नाही, त्याचे पैसे कापू नका. बस्स. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा मजकूर तोच. लहान घर दाखवा, तो नाही म्हणाला तर कापा. फेब्रुवारी २०१२ मध्ये कॉमन्सनं, म्हणजे निवडून आलेल्या खालच्या सभागृहानं, ती दुरुस्ती उडवली आणि पैशाच्या बाबतीत शेवटचा शब्द आमचा, हा आपला विशेषाधिकार पुढे केला. तेव्हा संयुक्त सरकारच्या बाजूनं मतं देणाऱ्यांत लिबरल डेमोक्रॅट खासदारही होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लहान घरं कुठं होती?

नियमामागचा तर्क असा: पैसे कापले की माणूस लहान घरात जाईल, मोठं घर दाटीवाटीनं राहणाऱ्या कुटुंबाला मिळेल. लंडनमध्ये दाटी होती हे खरं. पण पैसे कापले गेलेल्या घरांत मोठा वाटा इंग्लंडच्या उत्तरेचा होता, जिथं कौन्सिलांनी एकेकाळी कुटुंबांसाठी म्हणून दोन-तीन खोल्यांचीच घरं बांधली होती. एका खोलीची घरं तिथं होतीच किती? फेब्रुवारी २०१३ मध्ये मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड यांनी कॉमन्समध्ये कॅमरन यांच्यापुढे हलचा आकडा ठेवला: नियमाचा फटका बसणारे ४,७०० आणि त्यांना जायला कौन्सिलची घरं ७३. कॅमरन यांनी उत्तरात पुन्हा खर्चाचा आणि खाजगी भाडेकरूंचा पाढा वाचला. त्रेहात्तरचं उत्तर आलं नाही, कारण ते नव्हतंच.

आणखी एक गंमत होती, म्हटलं तर. कौन्सिलचं तीन खोल्यांचं घर सोडून माणूस खाजगी बाजारात एका खोलीच्या घरात गेला, तर कित्येक ठिकाणी त्या एका खोलीचं भाडं जुन्या तीन खोल्यांपेक्षा जास्त. म्हणजे त्याला मिळणारी मदत वाढायची. आज्ञाधारक भाडेकरू सरकारला महागात पडायचा. बचतीचा सगळा हिशेब लोक हलणार नाहीत आणि निमूट पैसे भरतील, यावर उभा होता. लोकांना हलवण्यासाठी आणलेली योजना लोक न हलण्यावर पैसे वाचवत होती.

बेडरूम म्हणजे काय, याची व्याख्या नियमात नव्हती. घरमालकानं करारात लिहिलं तेवढ्या बेडरूम. मग नोज्लीमधल्या एका हाउसिंग ट्रस्टनं आपल्या शेकडो घरांच्या कागदावरच्या खोल्या कमी केल्या. तीन बेडरूमचं घर एका सकाळी दोनचं झालं. लीड्स आणि नॉटिंगहॅमनंही तोच रस्ता धरला. स्कॉटलंडमध्ये फाइफ भागातल्या लवादांसमोर लोक टेप घेऊन गेले. जुन्या गृहनिर्माण कायद्यात, दाटीवाटी मोजायच्या तरतुदीत, एका प्रौढ माणसाला झोपायला निदान ७० चौरस फूट असा माप होता. लवादानं काही प्रकरणांत म्हटलं, याहून लहान असेल ती बेडरूमच नव्हे. ७० चौरस फूट म्हणजे एक पलंग, एक कपाट आणि दार उघडण्यापुरती जागा. एवढ्या जागेवरून देशाच्या तिजोरीचा वाद चालला होता.

सरकारमधले लॉर्ड फ्रॉइड यांच्या खात्यात हे सगळं येत होतं. घटस्फोट झालेल्या बापाची मुलं शनिवार-रविवारी राहायला येतात, त्यांनी झोपायचं कुठं, असं विचारल्यावर ते सोफा-कम-बेडकडे बोट दाखवून मोकळे झाले. ते स्वतः मोठ्या घरात राहतात, हे वृत्तपत्रांनी दुसऱ्या दिवशी छापायचं ते छापलंच.

सवलती थेंबाथेंबानं आल्या. कपात लागू व्हायच्या तीन आठवडे आधी, मार्च २०१३ मध्ये, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या पालकांना आणि सैन्यात असलेल्या मुलांच्या आईबापांना सूट मिळाली. जानेवारी २०१४ मध्ये कळलं, की १ जानेवारी १९९६ पासून त्याच घरात सलग मदत घेणाऱ्यांना जुन्या नियमाचं संरक्षण होतं आणि त्यांचे पैसे मुळात बेकायदा कापले गेले. पैसे परत द्यावे लागले. मार्चमध्ये सरकारनं ती फट बुजवली आणि त्याच माणसांचे पैसे पुन्हा कापायला सुरुवात केली, या वेळी कायद्यानं.

वचनांचा हंगाम

सप्टेंबर २०१३ हा महिना पाहण्यासारखा. संयुक्त राष्ट्रांच्या वतीनं घरांच्या हक्काची पाहणी करणाऱ्या ब्राझीलच्या रॅकेल रॉलनिक ब्रिटनमध्ये आल्या, लोकांना भेटल्या आणि ही कपात थांबवा म्हणाल्या. हुजूर पक्षाचे अध्यक्ष ग्रँट शॅप्स भडकले आणि त्यांनी थेट संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे तक्रार करायची भाषा केली. त्याच महिन्यात, पक्षाच्या अधिवेशनाच्या तोंडावर, मिलिबँड यांनी जाहीर केलं: आमचं सरकार आलं तर बेडरूम टॅक्स रद्द.

वचन मोघम नव्हतं. पैसे कुठून आणणार तेही त्यांनी सांगितलं होतं. हेज फंडांना दिलेली करसवलत काढायची, कामगारांनी हक्क सोडून शेअर घ्यायची योजना बंद करायची, बांधकाम धंद्यातली कर चुकवायची वाट अडवायची. निवडणुकीच्या वचनांमध्ये हिशेबासकट आलेलं वचन विरळा, म्हणून त्याला त्याचं श्रेय द्यायला हवं.

नोव्हेंबरमध्ये मजूर पक्षानं कॉमन्समध्ये कपात ताबडतोब रद्द करण्याचा ठराव आणला. चर्चेची सुरुवात पक्षाच्या नव्या प्रवक्त्या रेचेल रीव्ह्ज यांनी केली. ठराव २५२ विरुद्ध २२६ असा पडला, फरक २६ मतांचा. मजूर पक्षाचेही बरेच खासदार मतदानाला नव्हते. पक्षानं सांगितलं, त्यांची विरोधी बाजूच्या गैरहजर खासदारांशी जोडी लावलेली होती, त्यामुळे निकालात फरक पडला नसता. असेलही. पण ज्याच्या घरात वीस पौंडांची भगदाड पडली होती, त्याला या जोड्या कुणी समजावून सांगायच्या?

मग लिबरल डेमोक्रॅट. २०१२ मध्ये बाजूनं मतं दिली, २०१३ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात कपातीवर टीका करणारा ठराव केला, तरी सरकारात बसून राहिले. जुलै २०१४ मध्ये सरकारनंच नेमलेल्या पाहणीचा पहिला अहवाल आला आणि क्लेग म्हणाले, आम्ही आता नियम बदलायच्या बाजूचे आहोत. ५ सप्टेंबर २०१४ ला त्यांच्याच अँड्र्यू जॉर्ज यांनी खाजगी विधेयक आणलं. मागणी ओळखीची: दुसरं योग्य घर देऊ केल्याशिवाय पैसे कापायचे नाहीत. म्हणजे लॉर्ड्सची २०११ ची दुरुस्तीच, थोडे कपडे बदलून. ते ३०६ विरुद्ध २३१ मतांनी पहिल्या मोठ्या टप्प्यावर पास झालं. हुजूर पक्ष आपल्याच सरकारात हरला.

आनंद तेवढ्यापुरताच. खर्च लागणाऱ्या विधेयकाला पुढे जायला सरकारनं पैशाचा ठराव मांडावा लागतो, आणि तो कुणी मांडायचा यावर दोन्ही मित्रपक्षांचं जुळलं नाही. विधेयक फाइलीत पडून मेलं. ७ मे २०१५ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला स्वतःच्या बळावर बहुमत मिळालं, लिबरल डेमोक्रॅट ५७ वरून ८ जागांवर आले, आणि मिलिबँड यांनी राजीनामा दिला.

अहवाल काय म्हणाले

जुलै २०१४ च्या त्या अहवालात ज्या गोष्टीसाठी कपात आणली तीच घडली नव्हती. पहिल्या सहा महिन्यांत फटका बसलेल्यांपैकी जेमतेम साडेचार टक्के लोक लहान सरकारी घरात गेले. भाड्याची पूर्ण रक्कम न भरू शकलेले निम्म्याहून जास्त, ५९ टक्के. थकबाकी भाडेकरूच्या नावावर चढली, पण तोटा कौन्सिल आणि असोसिएशनांच्या वहीत. वसुलीची पत्रं, घरी जाऊन समजावणं, कोर्टाच्या नोटिसा, या सगळ्याचा खर्च वेगळा. लंडनमधल्या बचतीचं बिल हलमध्ये फाटत होतं.

शेवटचा अहवाल डिसेंबर २०१५ मध्ये आला. विचारलेल्या भाडेकरूंपैकी ७६ टक्क्यांनी सांगितलं, की आम्ही खाण्यावर काटछाट केली. हा आकडा कुठल्या आंदोलनकर्त्यांचा नव्हता, खात्यानं स्वतः पैसे देऊन काढलेला होता. निवडणूक होऊन गेली होती, त्यामुळे त्यावर फारसा गदारोळ झाला नाही.

कोर्टांतली बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिथं गोष्टी हळू चालल्या. ९ नोव्हेंबर २०१६ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं दोन कुटुंबांच्या बाजूनं निकाल दिला. एका घरात अपंग पत्नीच्या खाटेजवळ आणि साधनांजवळ पतीला झोपायला जागाच उरत नव्हती. दुसऱ्या घरात आजी-आजोबा गंभीर अपंग नातवाला सांभाळत होते आणि रात्री मदतीला येणाऱ्या बाईंसाठी खोली लागत होती. तिसरी बाई हरली. तिच्या हिंसक जोडीदारापासून वाचण्यासाठी तिच्या घराचं माळघर पोलादी दार बसवून सुरक्षित खोली केलं होतं, आणि नियमाच्या नजरेत तिच्या घरात एक खोली "जास्तीची" होती. ती युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली आणि तिथं ऑक्टोबर २०१९ मध्ये जिंकली. म्हणजे कपात लागू झाल्यानंतर साडेसहा वर्षांनी.

स्कॉटलंडची वाट

स्कॉटलंडच्या सरकारला हा नियम रद्द करायचा अधिकार नव्हता, भत्त्यांचे नियम लंडनहून यायचे. पण कौन्सिलांकडे एक छोटा निधी असतो, अडचणीतल्या भाडेकरूला कौन्सिलनं आपल्या मर्जीनं मदत द्यायचा. त्यात जास्तीत जास्त किती पैसे घालायचे, ती मर्यादा मात्र लंडन ठरवायचं. मग स्कॉटलंडचे अर्थमंत्री जॉन स्विनी यांनी त्या वाटेनं पैसे ओतले. २०१४-१५ साठी एकूण सुमारे ५ कोटी पौंड, म्हणजे स्कॉटलंडमधल्या प्रत्येक कापलेल्या पौंडाची भरपाई. मे २०१४ मध्ये लंडननं मर्यादा ठरवायचा अधिकारही सोडायचं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये स्वातंत्र्याचं सार्वमत होतं, त्या तोंडावर या मागणीला नाही म्हणणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

स्विनी यांच्या स्कॉटिश नॅशनल पार्टीनं स्वतंत्र स्कॉटलंडमध्ये बेडरूम टॅक्स रद्द करायचं वचनही दिलं होतं. सार्वमत हरलं, वचन तिथंच राहिलं, पण भरपाई चालू राहिली. उत्तर आयर्लंडमध्ये तर कपात फेब्रुवारी २०१७ मध्ये आली ती भरपाई बरोबर घेऊनच. तिथल्या पक्षांचं बाकी कशावर पटत नाही, यावर पटलं.

या प्रकरणात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा फरक. "रद्द करू" म्हणणाऱ्या पक्षाला सत्ता मिळेपर्यंत एक पैसा खर्च होत नाही. स्विनी यांनी रद्द करू म्हटलं नाही, म्हणूच शकत नव्हते. त्यांनी दुसऱ्या कशातून तरी कोट्यवधी पौंड काढून दिले. सभेत टाळ्या पहिल्या गोष्टीला पडतात. भाडेकरूच्या हातात दुसरीचे पैसे येतात.

आणि लंडनमध्ये? मजूर पक्षानं २०१५, २०१७ आणि २०१९ च्या जाहीरनाम्यांत बेडरूम टॅक्स रद्द करण्याचं वचन दिलं आणि तिन्ही निवडणुका हरला. २०२४ च्या जाहीरनाम्यात ते वचन नव्हतं, आणि जुलै २०२४ ची निवडणूक पक्षानं प्रचंड बहुमतानं जिंकली. नव्या सरकारात अर्थमंत्री झाल्या रेचेल रीव्ह्ज, ज्यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये कपात ताबडतोब रद्द करा म्हणून कॉमन्समध्ये चर्चा सुरू केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी पहिला अर्थसंकल्प मांडला. बेडरूम टॅक्स त्यात होता तसाच राहिला. यात त्यांना लबाड ठरवणं सोपं आहे, पण मला कारण वेगळं दिसतं. दहा-अकरा वर्षं लागू असलेली कपात ही कपात राहत नाही. ती हिशेबाची सुरुवातीची ओळ होते. तिच्या वरचे सगळे आकडे ती आहे असं धरूनच बांधलेले असतात. २०१३ मध्ये ती रद्द करणं म्हणजे जुनं परत देणं होतं, २०२४ मध्ये तोच निर्णय "नवा खर्च" म्हणून कागदावर येतो, आणि नव्या खर्चाला अर्थमंत्र्याच्या टेबलावर रांग लागलेली असते.

मिलिबँड यांनी २०१३ मध्ये सांगितलेला पैशांचा हिशेब पुन्हा कुणी काढला नाही. हलमधला आपला तो कल्पनेतला माणूस आज पेन्शनच्या वयाजवळ आला असेल. ते वय गाठलं, की त्याच्या त्याच दोन खोल्या एका दिवसात जास्तीच्या राहणार नाहीत. ग्लासगोमध्ये मात्र नियम अजूनही कागदावर आहे. संगणक दर महिन्याला १४ टक्के कापतो, आणि कौन्सिलकडे अर्ज केलेला असेल तर तेवढेच पैसे दुसऱ्या नावानं परत जमा होतात.